संगणकावरचा चंद्र खरा का वाटत नाही? : वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे

चंद्राच्या पृष्ठभागाची हुबेहूब चित्रे संगणकावर कशी तयार करावीत, याविषयी विदर्भातील गावांमधून आमच्याकडे बरीच पत्रे आली. त्यांतील चार पत्रे या अंकात घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : शाळेला संगणक मिळाल्यापासून मी ब्लेंडर हे त्रिमितीय चित्रे तयार करण्याचे मोफत सॉफ्टवेअर शिकतो आहे. मुलांना चंद्राच्या कला दाखवाव्यात म्हणून इंटरनेटवरून पौर्णिमेचे मोठे छायाचित्र उतरवून घेतले, ते गोळ्यावर चढवले आणि एका बाजूने प्रकाश सोडला. पण तो चंद्र रबरी चेंडूसारखा दिसतो. पुढे नासाचा उंचीचा नकाशा मिळवून जोडला, तर गोळ्यावर चहूकडे उंचच उंच सुळके उभे राहिले. माझे काय चुकते आहे?
(एक शिक्षक, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ)

उत्तर : आपल्या पत्रात दोन अडचणी आहेत. तिसरी, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची, अडचण पत्रात आलेली नाही. परंतु चंद्र रबरी दिसण्याचे मूळ तिच्यातच आहे.

आधी छायाचित्राविषयी. पौर्णिमेचे छायाचित्र म्हणजे चंद्राच्या आपल्याकडे तोंड असलेल्या अर्ध्या भागाचे समोरून दिसणारे दृश्य. त्यात कडेचा प्रदेश दबलेला असतो, त्यामुळे ते गोळ्यावर बसवले की मधली विवरे ठीक दिसतात आणि काठाजवळची ओढून ताणल्यासारखी होतात. अष्टमीचे छायाचित्र घेतले तर आणखी पंचाईत होते, कारण त्यातल्या सावल्या चित्रातच छापलेल्या असतात. दिवा कुठेही हलवला तरी त्या जागच्या हलत नाहीत, आणि एकाच विवरात दोन दिशांच्या सावल्या पडल्या की पाहणाऱ्याला नेमके कारण सांगता आले नाही तरी डोळ्याला ते खुपते. म्हणून चंद्रासाठी दोन स्वतंत्र नकाशे लागतात. एक, कोणती जमीन किती उजळ आहे हे सांगणारा रंगाचा नकाशा, ज्यातून सावल्या शक्य तितक्या काढून टाकलेल्या असतात. आणि दुसरा, कोणती जमीन किती उंच आहे हे सांगणारा उंचीचा नकाशा. सावली नकाशातून येऊ नये, ती दिव्यानेच पडली पाहिजे.

हे दोन्ही नकाशे प्रत्यक्ष मोजमापावर आधारलेले आहेत आणि विनामूल्य मिळतात. नासाने जून २००९ मध्ये सोडलेल्या लूनर रिकॉनिसन्स ऑर्बिटर या यानावर लोला नावाचे उपकरण आहे. ते सेकंदाला २८ वेळा लेसरचा झोत खाली सोडते, प्रत्येक झोताचे पाच ठिपके जमिनीवर पाडते आणि प्रकाश परत यायला लागलेल्या वेळावरून त्या जागेची उंची काढते. रंगाचा नकाशा त्याच यानावरील कॅमेऱ्याच्या चित्रांवरून केलेला आहे. नासाच्या सायंटिफिक व्हिज्युअलायझेशन स्टुडिओतील अर्नी राइट यांनी २०१९ मध्ये हे सारे 'सीजीआय मून किट' या नावाने, चित्रे तयार करणाऱ्यांना थेट वापरता येईल अशा रूपात उपलब्ध करून दिले. उंचीचे नकाशे त्यात तीन आकारांत आहेत : एका अंशाला ४, १६ आणि ६४ बिंदू (पिक्सेल). सर्वांत मोठा नकाशा एकटाच संगणकाची सुमारे एक जीबी स्मृती खातो, तेव्हा शाळेच्या संगणकावर सुरुवात सर्वांत लहान नकाशाने करावी आणि सर्व जुळून आल्यावर मधला घ्यावा.

आता सुळक्यांविषयी. त्या फाइलीत उंची किलोमीटरमध्ये दिलेली आहे, आणि ती १,७३७.४ किलोमीटर त्रिज्येच्या गोळ्यापासून वर किंवा खाली मोजलेली आहे. आपल्या गोळ्याची त्रिज्या मात्र १ आहे. त्यामुळे दहा किलोमीटर उंचीचा प्रदेश त्रिज्येच्या दहापट वर निघून गेला. डिस्प्लेसमेंट नोडमध्ये (नकाशाप्रमाणे पृष्ठभाग वर-खाली सरकवणाऱ्या घटकात) स्केलच्या, म्हणजे प्रमाणाच्या, जागी १ भागिले १,७३७.४, म्हणजे ०.०००५७५६, लिहावे. मिडलेव्हल, म्हणजे शून्य उंचीचा मानला जाणारा आकडा, मुळात ०.५ असते, ते शून्य करावे. उंचीच्या चित्राचा कलर स्पेस नॉन-कलर ठेवावा, कारण ते आकडे आहेत, रंग नव्हेत. शेवटी मटेरियलच्या सेटिंगमध्ये 'बम्प ओन्ली' असेल तेथे 'डिस्प्लेसमेंट अँड बम्प' निवडावे आणि गोळ्याचे पुरेसे बारीक भाग पाडावेत, नाहीतर उंचवट्यांचा केवळ भास होतो आणि चंद्राची कड गुळगुळीतच राहते.

एवढे केल्यावर आपल्याला नक्की वाटेल की आता काही दिसतच नाही. चंद्रावरचा सर्वांत उंच प्रदेश त्या प्रमाण गोळ्याच्या सुमारे १०.८ किलोमीटर वर आहे आणि सर्वांत खोल जागा सुमारे ९.१ किलोमीटर खाली. एक मीटर व्यासाचा चंद्र केला, तर हे अंतर वर तीन मिलिमीटर आणि खाली तीन मिलिमीटरपेक्षाही कमी भरते. येथे पुष्कळ जण स्केलचा आकडा पाचपट, दहापट करून टाकतात, आणि चंद्र तेथेच बिघडतो. माझे स्पष्ट मत आहे की उंची वाढवू नये, सूर्य खाली आणावा. सूर्य क्षितिजापासून पाच अंशांवर असताना साडेपाच किलोमीटर उंचीच्या पर्वताची सावली साठ किलोमीटरहून अधिक लांब पडते. उजेड आणि अंधार यांच्या सीमेवर विवरे इतकी उठून दिसतात ती या लांब सावल्यांमुळे. तेथे हाताने भर घालण्याची काहीच गरज नसते.

आणि आता ती तिसरी गोष्ट. उन्हाळवाही झालेल्या काळ्या वावरात दिवस मावळण्याआधी सूर्याकडे पाठ करून उभे राहावे आणि आपल्या डोक्याच्या सावलीभोवतीची माती नीट पाहावी. ती बाजूच्या मातीपेक्षा उजळ दिसते, कारण त्या दिशेने पाहताना प्रत्येक ढेकळाची सावली त्याच ढेकळाच्या मागे दडलेली असते. मग तोंड फिरवून सूर्याच्या बाजूचे वावर पाहावे. तीच माती काळपट दिसू लागते, कारण आता ढेकळांच्या सावलीच्या बाजू आपल्यासमोर येतात. चंद्राचा सगळा पृष्ठभाग बारीक, भुसभुशीत धुळीने झाकलेला आहे आणि पौर्णिमेला सूर्य नेमका आपल्या पाठीशी असतो. त्यामुळे पौर्णिमेचा चंद्र अष्टमीच्या चंद्रापेक्षा दुप्पट नव्हे, तर दहापटीहून अधिक तेजस्वी असतो. शिवाय पौर्णिमेच्या बिंबाची कड मध्यभागाच्या मानाने फारशी काळवंडत नाही. बिंब जवळजवळ सपाट थाळी वाटते.

संगणकाचा नेहमीचा मॅट पृष्ठभाग याहून वेगळा वागतो. त्याच्या गणितात पौर्णिमा अष्टमीच्या जेमतेम तिप्पट उजळ ठरते आणि बिंब कडेकडे हळूहळू काळे पडत जाते. त्यातच ब्लेंडरचे मूळचे मटेरियल थोडीशी चकाकी धरून ठेवते. आपला चंद्र रबरी दिसतो तो या दोन कारणांनी. म्हणून ते मटेरियल काढून साधे डिफ्यूज घ्यावे, त्याला चकाकी नसते, आणि त्याचा रफनेस शून्यावरून एकपर्यंत वाढवावा. तसे केले की सॉफ्टवेअर आपोआप ओरेन-नायर पद्धत वापरते; कोलंबिया विद्यापीठातील मायकेल ओरेन आणि श्री नायर यांनी १९९४ मध्ये खडबडीत पृष्ठभागांसाठी ही पद्धत मांडली. खगोलशास्त्रज्ञ वापरतात ते ब्रूस हॅपके यांचे गणित याहून काटेकोर आहे आणि पौर्णिमेची ती एकाएकी येणारी झळाळी त्यातच नीट उतरते; परंतु शाळेच्या कामाला ओरेन-नायर पुरेशी आहे. सूर्याच्या दिव्याचा कोन ०.५३ अंश ठेवावा, कारण सूर्यबिंब आपल्याला आणि चंद्रालाही तेवढेच रुंद दिसते.

चित्र खरे उतरले की नाही, हे पाहण्याची सोपी कसोटी आहे. शुद्ध अष्टमीच्या संध्याकाळी मुलांना दुर्बिणीतून चंद्र दाखवावा, उजेड-अंधाराच्या सीमेवरची चार-पाच विवरे कागदावर काढून घ्यावीत आणि दुसऱ्या दिवशी सूर्याची तीच दिशा संगणकावर धरून पाहावे. सावल्यांची टोके त्याच विवरांत पडली, तर चंद्र जमला.

प्रश्न : मी दहावीत शिकते. आमचे गाव लोणारपासून जवळ आहे. चंद्रावर उभे राहिल्यावर समोर जसे दिसेल तसे दृश्य मला संगणकावर करायचे आहे. लोणारचे विवरच उचलून चंद्रावर ठेवले तर चालेल का?
(एक विद्यार्थिनी, लोणार तालुका, जि. बुलढाणा)

उत्तर : तुझी कल्पना मला मनापासून आवडली, आणि ती शास्त्राला धरूनही आहे. चंद्रावर आपल्याला दिसणारे काळे डाग ही बेसॉल्ट खडकाची मैदाने आहेत, आणि लोणारचे विवरही दख्खनच्या बेसॉल्टमध्येच अशनीच्या आघाताने झालेले आहे. अशा खडकातली आघातविवरे पृथ्वीवर फार थोडी आहेत, म्हणूनच चंद्राचे अभ्यासक लोणारकडे इतक्या आस्थेने पाहतात.

परंतु ते जसेच्या तसे नेऊ नकोस. लोणारचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आणि खोली सुमारे दीडशे मीटर आहे, म्हणजे व्यासाच्या बाराव्या हिश्श्याइतकी. चंद्रावर याच आकाराचे ताजे विवर व्यासाच्या पाचव्या हिश्श्याइतके खोल, म्हणजे साडेतीनशे मीटरहून अधिक खोल असते. तुझ्या ओळखीचा तो काठ भोवतालच्या रानापेक्षा वीसेक मीटरच उंच आहे. चंद्रावर तो सत्तर मीटरच्या आसपास असता. मधला फरक आपल्या पावसापाण्याने केलेला आहे. काठाची माती वाहून आत आली, तळाशी गाळ साचला, धारेच्या ओहोळाने ईशान्येकडचा काठ कापला. तेव्हा तू तळे, झाडी आणि ती कापलेली घळ काढून टाक, तळ खोल कर, काठ उचल. म्हणजे मूळचे लोणार काहीसे समोर येईल आणि ते चंद्रावर शोभेल.

मात्र चंद्रावरही झीज असते, फक्त तिची रीत निराळी आहे. तेथे हवा आणि पाणी नाही, पण बारीक अशनींचा मारा अब्जावधी वर्षे चालू आहे आणि त्याने प्रत्येक धार बोथट होते. माणूस चंद्रावर जाण्याआधीच्या चित्रांमध्ये तेथील डोंगर टोकदार सुळक्यांचे काढलेले दिसतात. १९७१ मध्ये अपोलो १५ चे अंतराळवीर अपेनाइन पर्वतरांगेच्या पायथ्याशी उतरले, तेव्हा त्यांच्या छायाचित्रांत साडेचार किलोमीटर उंचीचा हॅडली पर्वतसुद्धा गोलसर, मऊ उतारांचा दिसला. टोकदार कड्यांचा मोह तू टाळावास, असे मी आग्रहाने सांगेन.

आता बारकाव्यांचा प्रश्न येतो. मून किटमधील सर्वांत मोठ्या नकाशात दोन बिंदूंमधले अंतर चंद्राच्या विषुववृत्तावर सुमारे ४७४ मीटर आहे. त्यात लोणारएवढे विवर अवघे चार बिंदू रुंद येईल. लोलाची मापे आणि जपानच्या कागुया यानाची चित्रे एकत्र करून २०१५ मध्ये केलेला नकाशा सुमारे ६० मीटरपर्यंत बारीक आहे; त्यात तेच विवर तीस बिंदूंचे होईल. उभ्या माणसाच्या डोळ्यांना दिसणारे दृश्य करायचे, तर हेही अपुरे पडते आणि त्याखालची जमीन आपल्याला नियमाने तयार करावी लागते. जुन्या जमिनीवरच्या लहान विवरांचा ढोबळ नियम असा, की व्यास निम्मा केला की विवरांची संख्या चौपट होते. शंभर मीटरचे एक असेल, तर पन्नास मीटरची चार, पंचवीस मीटरची सोळा, आणि असेच खाली पावलाएवढ्या खळग्यांपर्यंत. ती कशीही विखुरलेली असावीत, एकमेकांवर चढलेली असावीत आणि नव्याने जुन्याचा काठ मोडलेला असावा. सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे त्यांतली बहुतेक झिजून उथळ झालेली असावीत. खणखणीत काठाची आणि भोवती दगडगोटे उडालेली विवरे अगदी थोडी ठेव. सगळी विवरे सारखीच ताजी केली की जमीन नुकतीच छिद्रे पाडल्यासारखी दिसते. नवशिक्यांच्या चित्रांत मला सर्वाधिक आढळणारा दोष हाच आहे.

क्षितिज जवळ ठेव. आपल्या डोळ्यांच्या उंचीवरून सपाट जमिनीवर ते पृथ्वीवर साडेचार किलोमीटरच्या थोडे पुढे असते, चंद्रावर अडीच किलोमीटरच्या आत. दूरच्या डोंगरांना निळसर धूसरपणा मुळीच देऊ नकोस. हवा नसल्यामुळे लांबचा डोंगर जवळच्या दगडाइतकाच स्वच्छ दिसतो. याचा त्रास प्रत्यक्ष चंद्रावर गेलेल्यांनाही झाला. फेब्रुवारी १९७१ मध्ये अपोलो १४ चे ॲलन शेपर्ड आणि एडगर मिचेल कोन नावाच्या विवराचा काठ शोधत चढण चढत होते. काठाच्या अगदी जवळ पोचूनही तो त्यांना सापडला नाही आणि वेळ संपल्यामुळे परतावे लागले. तुझ्या चित्रातही पाहणाऱ्याला अंतराचा अंदाज येणार नाही, तेव्हा मापासाठी चंद्रावर फिरायची एखादी बग्गी किंवा पावलांची रांग ठेव.

प्रश्न : माझा फ्लेक्स छपाईचा व्यवसाय आहे. गणेशोत्सवासाठी एका मंडळाला चांद्रयान-३ चा देखावा हवा आहे. मागे तारे किती टाकावेत? सावल्या पूर्ण काळ्या ठेवाव्यात का? आमच्याकडे लाईट वारंवार जाते आणि तासन्‌तास चाललेले रेंडर (संगणकाने अंतिम चित्र तयार करण्याचे काम) वाया जाते, त्यावर उपाय आहे का?
(एक व्यावसायिक, मूल तालुका, जि. चंद्रपूर)

उत्तर : तारे टाकू नयेत. उन्हाने उजळलेल्या जमिनीसाठी कॅमेऱ्याचा झडपकाल (शटर उघडे राहण्याचा वेळ) इतका कमी ठेवावा लागतो की तारे चित्रात उमटतच नाहीत. अपोलोच्या छायाचित्रांत आकाश कोरे काळे आहे ते याच कारणाने.

सावल्या अगदी काळ्या नसतात. शेजारची उजळ जमीन सावलीत थोडा प्रकाश टाकते, पण चंद्राची जमीन सरासरी बाराच टक्के प्रकाश परतवते. दुसऱ्या उसळीनंतर दीड टक्काही उरत नाही. म्हणून प्रकाशाच्या दोन-तीन उसळ्यांची मुभा पुरते, आणि त्याने रेंडरचा वेळही वाचतो. सावलीची कड वस्तूजवळ धारदार असते आणि लांब जाईल तशी मऊ होत जाते. शंभर मीटरवर पडलेल्या सावलीची कड सुमारे एक मीटर पसरलेली असते.

आपला देखावा विशिष्ट जागेचा आहे, तेव्हा सूर्य कुठेही ठेवून चालणार नाही. विक्रम लँडर दक्षिणेकडे सुमारे ६९ अंश अक्षांशावर उतरला आहे आणि तेथे सूर्य साधारण बावीस अंशांच्या वर कधीच चढत नाही. म्हणजे भर दुपारीही सावली वस्तूच्या उंचीच्या अडीचपट लांब हवी. आकाशात पृथ्वी दाखवायची असेल तर ती वायव्येकडे, क्षितिजापासून सतराएक अंश वर असावी, आणि आपल्याला चंद्र दिसतो त्याच्या पावणेचारपट रुंदीपेक्षा थोडी कमी. तेथून पृथ्वीची दक्षिण बाजू वर दिसते, म्हणून भारत काढलात तर कन्याकुमारी वरच्या अंगाला येईल. मंडळाचे कार्यकर्ते याला हरकत घेतील, पण आपण मुळीच बदलू नये. देखाव्यापाशी दोन ओळींचा फलक लावला की लोकांना ते समजेल आणि आवडेलही.

लाईटीसाठी : हलते चित्र थेट व्हिडिओच्या फाइलीत रेंडर करू नये. प्रत्येक फ्रेम वेगळी पीएनजी म्हणून साठवावी आणि 'ओव्हरराइट' बंद ठेवावे, म्हणजे वीज परत आल्यावर काम राहिलेल्या फ्रेमपासून पुढे चालू होते. मोठा फ्लेक्स असेल तर चित्राचे पट्टे पाडून ते एकेक करून रेंडर करावेत.

प्रश्न : संगणकावर इतका हुबेहूब चंद्र करता येतो, तर चांद्रयानाची म्हणून दाखवलेली चित्रे खरी कशावरून मानायची? आणि करमणुकीखेरीज या चित्रांचा उपयोग तरी काय?
(एक शेतकरी, अर्जुनी मोरगाव तालुका, जि. गोंदिया)

उत्तर : आपली शंका रास्त आहे आणि तिचे उत्तर तपासता येण्याजोगे आहे. २३ ऑगस्ट २०२३ च्या संध्याकाळी यान उतरत असताना थेट प्रक्षेपणात जे हलते यान दिसत होते ते संगणकीय चित्रच होते. यानाकडून येणाऱ्या उंची आणि वेगाच्या आकड्यांवर ते चालत होते. लँडरच्या कॅमेऱ्याने टिपलेली खरी दृश्ये इस्रोने त्यानंतर प्रसिद्ध केली. ही दोन्ही वेगळी आहेत, आणि वृत्तवाहिन्यांनी तसे पडद्यावर स्पष्ट लिहायला हवे, असे मला वाटते.

आता खरेपणाचा पुरावा. उतरलेला लँडर चांद्रयान-२ च्या ऑर्बिटरने वरून टिपला. त्याचा कॅमेरा सुमारे पाव मीटरपर्यंतचा तपशील दाखवतो. त्यानंतर २७ ऑगस्टला नासाच्या लूनर रिकॉनिसन्स ऑर्बिटरनेही त्याच जागेचे छायाचित्र घेतले. दोन देशांची दोन याने एकाच ठिकाणी तीच वस्तू दाखवतात. शिवाय चांद्रयान मोहिमांची माहिती इस्रो आपल्या 'प्रदान' या संकेतस्थळावरून खुली करते; नोंदणी करून ती कोणालाही घेता येते आणि सावल्यांची लांबी सूर्याच्या उंचीशी जुळते की नाही, हे आपले आपण ताडून पाहता येते.

उपयोगाबद्दल बोलायचे तर उतरणाऱ्या यानाला खालची जमीन पाहून निर्णय स्वतःच घ्यावा लागतो. चंद्रापर्यंत संदेश जाऊन परत यायला अडीच सेकंदांहून अधिक वेळ लागतो; खड्डा समोर आल्यावर बेंगळुरूहून सूचना मिळेपर्यंत थांबता येत नाही. चांद्रयान-३ वर यासाठी धोका ओळखून टाळण्याचा खास कॅमेरा होता. जपानचे स्लिम यान जानेवारी २०२४ मध्ये कॅमेऱ्यातली विवरे साठवलेल्या नकाशाशी जुळवत उतरले आणि ठरलेल्या जागेपासून शंभर मीटरच्या आत पोचले. अशा सॉफ्टवेअरची परीक्षा उड्डाणाआधी पृथ्वीवरच घ्यावी लागते, आणि त्यासाठी उन्हाच्या प्रत्येक कोनातली, प्रत्येक उंचीवरून दिसणारी हजारो चित्रे लागतात, जी कोणत्याही यानाने घेतलेली नसतात. ती संगणकावर करावी लागतात. स्कॉटलंडमधील डंडी विद्यापीठाने युरोपीय अंतराळ संस्थेसाठी पँगू नावाचे सॉफ्टवेअर याच कामासाठी विकसित केले आहे. अशा चित्रात सावली चुकली, तर सॉफ्टवेअर चुकीच्या चंद्रावर उतरायला शिकते. म्हणून तेथे विवरांची संख्या, धुळीचा उजळपणा आणि सूर्याचा कोन हे सारे मोजमापाशी ताडूनच पुढे जातात.